मेल गायब होत नाहीत, 'ई'ची कळ दाबली जाते

नाशिकच्या इंदिरानगरला एक काका राहतात. निवृत्त शिक्षक, काचबिंदूनं नजर गेलेली, पण सगळा पत्रव्यवहार स्वतः करायचा हा हट्ट. वर्षभरात त्यांचा एकच फोन मला पाच-सहा वेळा आला असेल. "अगं, बँकेची मेल परत गेली. काल होती, मी स्वतः ऐकली. आज नाही."

पहिल्या दोन वेळा मी फोनवरच सांगितलं, जीमेलच्या ऑल मेलमध्ये बघा. मेल तिथे सापडली, काका खूश, मीही मोकळी. तिसऱ्या वेळी मात्र स्वतःचीच लाज वाटली. छत गळतंय आणि मी दर वेळी नुसती फरशी पुसतेय.

मग एका रविवारी सिटीलिंकच्या बसनं त्यांच्याकडे गेले. मलाही दिसत नाही, त्यामुळे "जरा स्क्रीन बघते" हा प्रकार आमच्यात नाहीच. लॅपटॉपचा आवाज मोठा केला आणि म्हटलं, "काका, रोज करता तसंच करा. मी नुसती ऐकते."

काकांनी स्लॅश दाबून सर्च उघडला, बँकेचं नाव टाकलं, एंटर. निकालातली पहिली मेल उघडली, ऐकली. इथवर सगळं चोख. मग त्यांना पेन्शनची मेल शोधायची होती. सर्चची चौकट मघाशीच तर वापरली होती, म्हणून त्यांनी सरळ टाइप करायला घेतलं: पी, ई, एन, एस, आय, ओ, एन.

चौकट आता तिथे नव्हती. फोकस, म्हणजे दाबलेली कळ जिथे लागू होते ती जागा, उघडलेल्या मेलवर होता आणि जीमेलचे शॉर्टकट चालू होते. म्हणजे प्रत्येक अक्षर मजकूर म्हणून जाण्याऐवजी हुकूम म्हणून गेलं. 'पी' म्हणजे त्याच संभाषणातला आधीचा संदेश. संदेश एकच होता, काही झालं नाही. 'ई' म्हणजे आर्काइव्ह. बँकेची मेल इनबॉक्समधून उठली आणि काका यादीत परतले. 'एन' यादीत निरुपयोगी. 'एस'नं यादीत ज्या ओळीवर कर्सर होता तिला तारा लागला. 'आय' वाया. 'ओ'नं तीच ओळ उघडली. एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा त्यांचा स्क्रीन रीडर, वीजबिलाची मेल वाचू लागला आणि काका म्हणाले, "बघ! मी पेन्शन शोधतोय आणि हा मला बिल वाचून दाखवतोय. व्हायरस असेल का गं?"

व्हायरस नव्हता. सात अक्षरांत एक मेल आर्काइव्ह, दुसरीला तारा, आणि तीच उघडलेली. सगळं काकांच्याच बोटांनी, आणि हुकुमाबरहुकूम.

आणखी एक कबुली. हे शॉर्टकट मीच चालू करून दिले होते. काका आधी जीमेलचं साधं एचटीएमएल रूप वापरायचे. ते गुगलनं २०२४च्या सुरुवातीला बंद केलं. त्या रूपात हे शॉर्टकट नव्हते, त्यामुळे हा गोंधळही नव्हता. नव्या रूपात आल्यावर मी घाईघाईत दोन गोष्टी शिकवल्या: सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्स ऑन, आणि जीमेल उघडलं की एकदा एनव्हीडीए-स्पेस (एनव्हीडीए कळ म्हणजे सहसा इन्सर्ट) दाबून फोकस मोड, ज्यात कळा थेट जीमेलला मिळतात. दोन्ही बरोबरच होत्या. तिसरी गोष्ट शिकवायची राहिली.

ती अशी. कळफलकावरच्या प्रत्येक अक्षराला तीन मालक आहेत. पहिला विंडोजचा कीबोर्ड लेआउट, म्हणजे आत्ता इंग्रजी चालू आहे की मराठी. दुसरा स्क्रीन रीडर. तिसरं जीमेल. 'के' दाबलं तर एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे अक्षरं स्क्रीन रीडर स्वतः वापरतो तेव्हा, पुढची लिंक येते, जीमेलमध्ये यादीतली वरची, म्हणजे नंतर आलेली मेल येते, आणि मराठीच्या इनस्क्रिप्ट लेआउटमध्ये 'क' उमटतो. 'सी' म्हणजे ब्राउझ मोडमध्ये पुढचा कॉम्बो बॉक्स (पर्यायांची यादी), जीमेलमध्ये नवी मेल, इनस्क्रिप्टमध्ये 'म'. 'ई' तर सगळ्यात फसवी. ब्राउझ मोडमध्ये ती तुम्हाला पुढच्या लिहायच्या चौकटीत नेते, आणि फोकस मोडमध्ये तीच मेल आर्काइव्ह करते. डोळस माणसाला कर्सर लुकलुकताना दिसतो. आपल्याला विचारावं लागतं.

आधी गेलेली मेल परत आणू

चूक आत्ता, या क्षणी झाली असेल तर दुसरं काहीही न करता 'झेड' दाबा. जीमेल शेवटची कृती मागे घेतं. पण लगेच. मध्ये चार कळा दाबून झाल्यावर 'झेड'चा भरवसा नाही.

वेळ गेली असेल तर 'जी' दाबून सोडा आणि मग 'ए'. दोन्ही एकत्र दाबायच्या नाहीत. ऑल मेल उघडतं. आर्काइव्ह झालेली मेल इथे असतेच. ती उघडा, 'व्ही' दाबा, मूव्ह टूची यादी येईल, तिथे इनबॉक्स निवडून एंटर.

इथे नसेल तर हॅश दाबला गेला असण्याची शक्यता आहे, म्हणजे शिफ्ट-३. तो डिलीट करतो. ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस राहते, त्यानंतर कायमची जाते. उद्गारचिन्ह म्हणजे शिफ्ट-१, त्यानं मेल स्पॅममध्ये जाते, तिथेही मुदत ३० दिवसांचीच. नेमकं कुठे गेलंय ते कळत नसेल तर सर्चमध्ये शोधायच्या शब्दाआधी इंग्रजीत इन, कोलन, एनीव्हेअर असं सलग, मध्ये जागा न सोडता लिहा. मग ट्रॅश आणि स्पॅमसुद्धा धुंडाळले जातात.

सगळ्यात वाईट कळ 'एम', म्यूट. आर्काइव्हमध्ये निदान पुढचं उत्तर आलं की संभाषण इनबॉक्समध्ये परत दिसतं. म्यूट झालेल्या संभाषणाची पुढची उत्तरंही सहसा परस्पर ऑल मेलमध्येच जाऊन पडतात. "मी तीन मेल पाठवल्या, तुम्ही उत्तरच देत नाही" असं समोरचा म्हणत असेल आणि तुमच्याकडे एकही आलेली नसेल, तर आधी हे तपासा. सर्चमध्ये इज, कोलन, म्यूटेड असं सलग इंग्रजीत लिहून एंटर. काकांकडे तीन संभाषणं निघाली. त्यातलं एक त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगचं होतं. 'मीटिंग' हा शब्द इंग्रजीत कोणत्या अक्षरानं सुरू होतो ते बघा.

आता मुळाकडे

टाइप करण्याआधी एनव्हीडीए-टॅब दाबायचा. एवढंच. फोकस कुठे आहे ते तो सांगतो. "सर्च मेल, एडिट" असं काहीतरी ऐकू आलं तर बिनधास्त लिहा. "एडिट" शब्द ऐकू आला नाही तर बोटं उचला, स्लॅश दाबा, परत एनव्हीडीए-टॅब. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी इन्सर्ट-टॅब दाबायचं. ज्यांच्या लॅपटॉपवर इन्सर्टची कळ एफएनच्या कोपऱ्यात दडलेली असते त्यांनी एनव्हीडीएच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये कॅप्स लॉकला एनव्हीडीए कळ करून टाकावं, हाताला खूप सोपं पडतं.

काका म्हणाले, "दर वेळी दाबायचं? मी विसरणार." खरंय, मीही विसरते. म्हणून दुसरी सोय. एनव्हीडीएच्या अलीकडच्या आवृत्त्यांत, २०२५.१ पासून, टाइप केलेली अक्षरं बोलण्याच्या सेटिंगला तीन पर्याय आहेत: बंद, नेहमी, आणि फक्त एडिट कंट्रोलमध्ये. हा तिसरा ठेवा. मग चौकटीत असाल तर प्रत्येक अक्षर ऐकू येतं, बाहेर असाल तर ऐकू येत नाही. पहिलं अक्षर मुकं गेलं की दुसरं दाबायचं नाही. काकांचा हा पर्याय "नेहमी"वर होता, त्यामुळे पी, ई, एन सगळं छान ऐकू येत होतं आणि त्यांना वाटत होतं, लिहिलं जातंय. फसण्याचं अर्धं कारण तिथेच होतं.

तिसरा उपाय जरा खोलातला, पण एकदाच करायचा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये कस्टम कीबोर्ड शॉर्टकट्स चालू करा आणि खाली जाऊन सेव्ह चेंजेस दाबा. हे सेव्हचं बटण पानाच्या तळाशी असतं आणि तेच राहून जातं, मग लोक म्हणतात सेटिंग टिकत नाही. त्यानंतर सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट्स नावाचा नवा टॅब येतो. तिथे म्यूट आणि आर्काइव्हची अक्षरं बदलून अशी चिन्हं द्या जी शब्दात येत नाहीत. काकांच्या आर्काइव्हला मी एक कंस दिला. पेन्शन लिहिताना कंस कोण दाबणार?

"मग शॉर्टकट बंदच करून टाक ना," असंही काका म्हणाले. करता येतं. पण मग रोजच्या दीडशे मेल टॅब मारत ओलांडायच्या. मी द्राक्षनिर्यातीच्या ऑफिसात बसते. जानेवारी ते मार्च आमच्याकडे मेलचा पूर असतो: कंटेनर, तपासणीचे अहवाल, बागाईतदारांच्या नोंदणीचे कागद. 'जे' आणि 'के'नं यादीत वरखाली, 'ओ'नं उघडणं, 'यू'नं परत, 'आर'नं उत्तर, कंट्रोल-एंटरनं रवाना. हे सोडून मी टॅबवर जाणार नाही, आणि काकांनाही जाऊ देणार नाही.

उलटं दुखणं: काहीच होत नाही

काहींची तक्रार नेमकी विरुद्ध असते. 'सी' दाबलं तर नवी मेल उघडतच नाही, नुसता टण् असा आवाज ऐकू येतो किंवा भलतीकडे उडी पडते. इथे अक्षर जीमेलपर्यंत पोचतच नाही, स्क्रीन रीडर वाटेतच झेलतो. ब्राउझ मोडमध्ये तो आपल्या उपयोगाची अक्षरं स्वतः वापरतो आणि उरलेली मूळ सेटिंगप्रमाणे पानापर्यंत जाऊ देत नाही. एनव्हीडीए-स्पेस दाबा, आवाज बदलेल, मग 'सी' दाबा. जॉजमध्ये इन्सर्ट-झेडनं व्हर्च्युअल कर्सर, म्हणजे त्याचा ब्राउझ मोड, बंद होतो. मोड न बदलता एकच कळ आत सोडायची असेल तर एनव्हीडीए-एफ२ दाबून मग ती कळ दाबा, जॉजमध्ये इन्सर्ट-३.

मोड बदलताना होणारे दोन आवाज वेगळे आहेत. ते कानात बसेपर्यंत दहा मिनिटं नुसतं एनव्हीडीए-स्पेस, एनव्हीडीए-स्पेस करत बसा. घरातले वैतागतील. माझ्या आईला आता ते आवाज ओळखू येतात, स्वयंपाकघरातून सांगते, "लिहायला बसलीस वाटतं."

लांबलचक मेल निवांत ऐकायची असेल, त्यातल्या शीर्षकांवरून 'एच'नं किंवा लिंकवरून 'के'नं उड्या मारायच्या असतील, तर मात्र ब्राउझ मोडच हवा. यादीत फोकस, वाचताना ब्राउझ, लिहिताना परत फोकस. मोड हाही एक नळच आहे, वापरून झाल्यावर बंद करायचा.

मराठीत उत्तर लिहिल्यावर

हे खास आपलं दुखणं, इंग्रजी मदतपानांत सापडणार नाही. मराठीत उत्तर लिहायला तुम्ही विंडोज-स्पेस दाबून लेआउट बदललात, मेल पाठवली, परत यादीत आलात. लेआउट मराठीच राहिला. आता स्लॅश दाबताय, पण इनस्क्रिप्टमध्ये त्या कळीवर 'य' आहे. अक्षरी शॉर्टकट अशा वेळी कधी लागतात, कधी नाही. ब्राउझर आणि लेआउट बदलला की वागणूकही बदलते, त्यामुळे त्यावर विसंबू नका. सवय लावून घ्या: कंट्रोल-एंटर, मग लगेच विंडोज-स्पेस, "इंग्लिश" ऐकायचं, मग पुढचं काम. मराठी फोनेटिक लेआउट वापरणाऱ्यांनीही हेच करावं. तो विंडोज १०मध्ये मे २०१९च्या अपडेटपासून आलेला आहे, आणि त्यात अक्षरं रोमन उच्चाराच्या जवळ असल्यामुळे मराठी चालू आहे हे विसरायला आणखीच सोपं.

काँटॅक्टचं प्रकरण

हे मी दोन ओळीत आटपणार होते, पण मेल गायब होण्यापेक्षा जास्त मनस्ताप यानंच दिलाय.

आमच्या ऑफिसात पाटील किती आहेत विचारू नका. दिंडोरीचे, निफाडचे, पिंपळगावचे, शिवाय एक मुंबईचे क्लिअरिंग एजंट. 'टू'च्या चौकटीत पाटील टाइप केलं, सूचनांची यादी खाली उघडली, आणि मी पुरतं न ऐकता एंटर दाबलं. दिंडोरीच्या बागेचा भाव मुंबईच्या एजंटाला गेला. तेव्हा अनडू सेंडची मुदत पाच सेकंदांवर होती. स्क्रीन रीडर "मेसेज सेंट, अनडू" म्हणेपर्यंतच ती सरते. सेटिंग्जच्या जनरल टॅबमध्ये ती ३० सेकंद करता येते. आजच करून टाका.

मुळावर उपाय नावात आहे. डोळस माणूस नाव नजरेच्या एका फटक्यात बघतो, आपण ते डावीकडून ऐकतो. म्हणून ओळखीचा शब्द आधी यायला हवा. "पाटील दिंडोरी" असं साठवलं तर चारही पाटील पहिल्या शब्दाला सारखेच ऐकू येतात. "दिंडोरी पाटील" केलं की पहिल्याच शब्दाला कळतं, हवा तो आहे की खाली बाण मारायचा. मी एका शनिवारी बसून ऐंशी-नव्वद नावं अशी उलटी केली. ऑफिसातले हसले. आता तेही तसंच साठवतात.

सूचनांत जुनेपाने पत्ते येत राहतात त्याचंही एक ठिकाण आहे. तुम्ही ज्याला पहिल्यांदा मेल पाठवता त्याचा पत्ता गुगल अदर काँटॅक्ट्समध्ये आपोआप ठेवतं आणि पुढे 'टू'मध्ये सुचवतं. एखाद्यानं दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडली तरी त्याचा तिथला पत्ता तुमच्या यादीत वर येऊन बसतो. जनरल टॅबमध्येच क्रिएट काँटॅक्ट्स फॉर ऑटो-कम्प्लीट नावाची निवड आहे, तिथे "आय विल ॲड काँटॅक्ट्स मायसेल्फ" निवडा. आधी साठलेले गुगल काँटॅक्ट्समध्ये जाऊन हातानं काढावे लागतात. एकासारखे दोन झाले असतील तर तिथेच मर्ज अँड फिक्स आहे. आणि सफाईच्या भरात भलतंच उडवलं तर घाबरू नका. काँटॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये अनडू चेंजेस आहे, पत्त्यांची पूर्ण वही मागच्या ३० दिवसांतल्या एखाद्या वेळी होती तशी परत आणता येते. मी एकदा आणली आहे. चहा गार झाला, पण वही आली.

नावं देवनागरीत ठेवावीत का? माझा कौल: मेलच्या वहीत नको. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीकचा आवाज असेल तर देवनागरी वाचली जाते. पण काही इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरं चक्क गिळतात आणि सूचनांच्या यादीत तुम्हाला नाव नसलेला, नुसता पत्ता असलेला माणूस ऐकू येतो. शिवाय शोधायच्या वेळी लेआउट बदलायचं लफडं आहेच. मराठीचा अभिमान मजकुरात दाखवू, वहीत रोमन चालेल.

जीमेल सोडून दुसरीकडे गेलं तर

थंडरबर्डमध्ये किंवा जुन्या क्लासिक आउटलुकमध्ये यादीत असताना ब्राउझ-फोकसची भानगड नसते, पण कळांचे सापळे तिथेही आहेत. थंडरबर्डच्या यादीत 'ए' दाबलं की मेल आर्काइव्ह होते. आउटलुकमध्ये कंट्रोल-एफ दाबून शोधायला जाल तर मेल फॉरवर्ड करायची खिडकी उघडेल. शोध कंट्रोल-ई वर आहे. आउटलुकचं एक आवडलं: कंट्रोल-१ मेल, कंट्रोल-३ काँटॅक्ट्स, आणि 'टू'मध्ये नकोसा पत्ता सुचला तर बाणानं त्यावर जाऊन डिलीट दाबलं की तो सूचनेतून जातो. नवं आउटलुक वेबच्या तंत्रावर चालतं, तेव्हा तिकडे गेलात तर वरचा सगळा मोडचा पाढा परत म्हणायची तयारी ठेवा.

शनिवारी दुपारनंतर मी फोन घेते, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. फक्त "चालत नाही" एवढं सांगू नका. अडलात की जिथे आहात तिथेच थांबा, एनव्हीडीए-टॅब दाबा आणि तो जे बोलेल ते शब्दशः मला सांगा. मग एनव्हीडीए-टी दाबून खिडकीचं नाव सांगा. त्याआधी शेवटच्या दोन कळा कोणत्या दाबल्या तेही आठवा. काका आता फोन उचलल्याबरोबर "नमस्कार" न म्हणता थेट "सर्च मेल, एडिट" म्हणतात.